वहिनी, दोरी लागली नाही

वहिनी, गाडी सुरू झाली. आधी एवढं ऐकून घ्या, मग मरून गेल्याबद्दल तुमच्याशी भांडतो.

सुरू झाली म्हणजे कशी? असा आवाज निघाला की झाशीच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली ती थेट ओरछ्याला जाऊन बसली, आपल्या नगरा मोहल्ल्यातल्या घराघरांत फडताळातली भांडी नाचली, आणि समोरच्या मिश्राजींच्या भिंतीवरचं कित्येक वर्षं बंद पडलेलं घड्याळ टिकटिक करायला लागलं. आता तुम्ही म्हणणार, "अर्धं करा, भावजी." बरं, केलं. कबुतरं उडाली, पण मिश्राजींच्या गच्चीवरची. "अजून अर्धं." घड्याळ सोडून देतो. पण भांडी नाचली, वहिनी. तुमची शपथ. तुमची शपथ घेऊन आता काही बिघडणार नाही हे माहीत आहे, तरी घेतो.

लग्न होऊन आलात त्याच दिवशी हे सुरू झालं होतं. नव्या वहिनीवर छाप पाडायची म्हणून मी सांगितलं की आपले पूर्वज साताऱ्याहून झाशीला घोड्यावर एका रात्रीत आले. सगळे माना डोलवत होते. तुम्ही डोक्यावरचा पदर सावरलात आणि अगदी हळू विचारलंत, "महिनाभर धरू का?" दादा इतका हसला की त्याची मुंडावळी तुटली. तेव्हापासून या घरात मी बोलायचं आणि तुम्ही कापायचं. मी हत्ती आणायचा, तुम्ही त्याची म्हैस करायची, मी कुरकुरत ती बकरीवर आणायची आणि मग दोघांचं जमायचं. माझ्या गोष्टींचं माप तुमच्या हातात होतं, म्हणून तर मी इतक्या बिनधास्त फेकत होतो. खाली कोणी झेलायला आहे हे ठाऊक असलं की माणूस उंच फेकतो.

दादा गेल्यावर सगळ्यांना वाटलं त्याचा हा ट्रक विकला जाणार. मीही तसंच म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कपाळाला गमछा अशा तुम्ही स्टिअरिंगवर. बरुआसागरचं आलं भरायचं आणि झाशीच्या मंडीत उतरवायचं. मी लोकांना सांगत फिरलो की माझी वहिनी एका हाताने ट्रक चालवते आणि दुसऱ्या हाताने पोळ्या लाटते. यातलं अर्धं तर खरंच होतं. लाटणं तुमच्या गाडीत होतंच, पान्यांच्या शेजारी.

ते लाटणं तिथे का आलं हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, कारण त्याची सुरुवात माझ्या दारात झाली.

तुम्ही मला खंडेराव गेटला माझ्या घरी सोडायला आला होतात. गाडी उभी केलीत, किल्ली फिरवलीत, काढून हातात घेतलीत, आणि इंजिन चालूच. मागे एक वरात अडकलेली. घोड्यावरचा नवरदेव, बँडवाले, दिव्यांच्या हंड्या डोक्यावर घेतलेली माणसं, सगळे ओरडतायत, "अरे बंद करो, हटाओ!" तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून किल्ली सगळ्यांना दाखवलीत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "बघा भावजी, किल्ली माझ्या हातात आहे आणि हिचं चालूच आहे. अगदी तुमच्यावर गेलीय." बँडवाले हसले, वरात हसली, घोडासुद्धा हसला. (घोडा अर्धा करा.) मग तुम्ही टॉप गिअर टाकलात, ब्रेकवर उभ्या राहिलात आणि क्लच सोडलात. गाडीने एक गचका खाल्ला आणि मुकाट बसली.

त्या रात्री जेवताना मी समजावून सांगितलं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे नुसती वीज तोडून ते थांबत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं. ते काम करतो सोलेनॉइड. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात एक लोखंडी दट्ट्या. किल्ली लावली की वीज त्याला आत ओढते, त्याला जोडलेला दांडा पंपाचा खटका उघडतो आणि डिझेल वाहतं. किल्ली काढली की स्प्रिंग दट्ट्याला बाहेर ढकलते, डिझेल बंद, इंजिन बंद. दट्ट्या आत अडकला तर गाडी थांबत नाही, बाहेर अडकला तर सुरूच होत नाही. तुम्ही ताटात भात कालवत सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "कळलं. एक आणून तुमच्या जिभेला बसवून घ्या."

पुढच्या वेळी तो बाहेर अडकला. बरुआसागरच्या मंडीत, आलं भरलेलं, गाडी ढिम्म. तुम्ही फोनही केला नाहीत. बॉनेट उघडलंत, डब्यातलं लाटणं घेतलंत आणि त्या सोलेनॉइडच्या पाठीवर दोन हलके ठोके दिलेत, लहान पोराला उठवावं तसे. गाडी सुरू. झालं! मी कारखान्यात हत्तीएवढी वेटोळी गुंडाळण्यात जन्म घालवला, आणि त्या माझ्या विद्येला तुमच्या लाटण्याने रिटायर करून टाकलं.

तिथून आपलं भांडण लागलं ते तुमच्या शेवटपर्यंत. मी म्हणायचो, आत मळ बसलाय, काढा, उघडा, साफ करा. तुम्ही म्हणायचात, चालतंय ना? मग उघडायचं नाही. मी म्हणायचो, ठोकून किती दिवस? तुम्ही म्हणायचात, "तुम्ही माझा मिक्सर उघडला होतात. अजून त्याचे तीन स्क्रू माझ्या कुंकवाच्या डब्यात आहेत आणि मिक्सर मिश्राजींच्या माळ्यावर आहे." त्या मिक्सरचं नाव निघालं की माझा आवाज बसायचा. दिवाळीला तेच, संक्रांतीला तेच, तुमच्या लेकीच्या, मंजिरीच्या लग्नात मांडवात उभं राहूनसुद्धा तेच. पाहुण्यांना वाटायचं इस्टेटीचा काही वाद आहे.

आणि दर खंडेनवमीला तुम्ही त्याची पूजा मांडायचात. आपल्या घरात त्या दिवशी तलवार पुजायची. तलवार कधीच गेली, कुठे गेली ते मी तुम्हाला सात प्रकारांनी सांगितलं आहे. तुम्ही तिच्या जागी पाने, जॅक आणि बॉनेटखालचा तो सोलेनॉइड आणलात. "या घरात आता हेच हत्यार आहे, भावजी. हे म्यान झालं नाही तर लोक मरतील, आणि उपसलं नाही तर आपण." असं म्हणून गडूतलं पाणी शिंपडून हळद, कुंकू, मूठभर अक्षता, वर तेलाचं बोट. मी मागून ओरडायचो, "त्याला नको, टायरला लावा!" तुम्ही मुद्दाम आणखी एक चिमूट घालायचात.

मग तुम्ही आजारी पडलात आणि गाडी अंगणात उभी राहिली. पाऊसकाळ तिच्या अंगावरून गेला.

हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी मंजिरी औषध आणायला खाली गेली होती. तुम्ही बोट हलवून मला जवळ बोलावलंत. मला वाटलं आता मंजिरीला सांभाळा वगैरे म्हणणार, मी चेहरा तयारही केला. तुम्ही म्हणालात, "मंजिरी गाडी भंगारात देणार. देऊ दे, तिला कुठे चालवायचीय. पण भावजी, मला तर बांधूनच नेणार, तिथे माझं काही चालायचं नाही. माझ्या गाडीला दोरी लावून ओढत नेऊ देऊ नका. ती या फाटकातून स्वतःची स्वतः जायला हवी."

मी म्हणालो, "वहिनी, जाईल कसली, उडेल! नगऱ्यावरून उडत बेतवा नदी ओलांडेल!"

तुम्ही डोळे मिटलेत. "अर्धं करा."

"धावत जाईल."

"अजून."

"चालत जाईल, वहिनी."

"हं," तुम्ही म्हणालात. "चालत."

तुमच्या आयुष्यात माझं एवढंच वाक्य तुम्ही न कापता घेतलंत.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी पप्पू भैया हजर. भंगारवाला, पण माणूस वाईट नाही, तुम्हाला 'अम्मा' म्हणायचा तो. ट्रॅक्टर फाटकाशी लावला, मनगटाएवढी जाड दोरी काढली आणि मी चहा पीत असताना ट्रकच्या पुढच्या हुकाला बांधून मोकळा झाला. मंजिरीला संध्याकाळच्या गाडीने ग्वाल्हेरला परतायचं होतं. घर आवरून बंद करायचं, अंगण रिकामं करायचं. तिचं चूक नव्हतं.

मी माजघरातली खुर्ची उचलली, अंगणात नेली, नेमकी दोरीवर ठेवली आणि बसलो.

"काए चाचा, रस्सी पे काए बैठे?"

"गाडी चालत जाणार," मी म्हणालो. मग त्याच्या भाषेत सांगितलं, "रस्सी खोल दो भैया. अपने पाँव पे जाएगी."

"चाचा, जा गाड़ी अब नईं उठने. खींच लेन दो." ही आता उठायची नाही, ओढूनच न्यायची, असं त्याचं म्हणणं.

मंजिरी बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात झाडू. "काका, रहने दो ना प्लीज. तुमचं बीपी वाढेल. आणि तुम्ही आईचा मिक्सर पण..."

"मिक्सरचं नाव काढू नकोस!"

"मग काय करणार तुम्ही?"

"उघडणार," मी म्हणालो. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी भांडलो तो उच्चारायला समोर तुम्ही नव्हतात. कोणी नाही म्हणालं नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

पप्पू भैया ट्रॅक्टरवर चढून बसला. म्हणाला, जेवणापर्यंत थांबतो, मग दोरी ओढणार, चाचा खुर्चीसकट आले तरी.

आता माझा पराक्रम ऐका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. सोलेनॉइडच्या तारांचा जोड सोडवला. दांड्याची पिन काढून दट्ट्या पंपाच्या खटक्यापासून मोकळा केला. उरले दोन बोल्ट. त्यांनी पाऊसकाळात पंपाशी असं लग्न लावलं होतं की काडीमोड घ्यायला तयार नाहीत. मी त्यांना रॉकेल पाजलं, गोंजारलं, शिव्या दिल्या, आपल्या पूर्वजांची नावं सांगितली. पूर्वजांच्या नावावर पहिला हलला. दुसरा तुमचं नाव काढल्यावर.

सोलेनॉइड तळहातावर आला. मुठीएवढा तर आहे. त्याच्या तोंडाशी रबरी टोपी असते, आत धूळ जाऊ नये म्हणून. ती फाटलेली. टोपी सोलली आणि मी तिथेच मातीत मांडी घातली.

मळ होता, वहिनी. मी सांगत होतो तसाच मळ. पण काळा नव्हता. लाल आणि पिवळा होता! हळद, कुंकू, तेल आणि मंडीची धूळ, वर्षानुवर्षांचे थर, पावसाने भिजून आणि उन्हाने वाळून सिमेंट झालेले. त्या सिमेंटात दट्ट्या बाहेरच्या बाहेर घट्ट रुतून बसलेला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तर दट्ट्या आणि भिंत यांच्या फटीत पाचरीसारखा बसलेला तांदळाचा एक अख्खा दाणा. अक्षत! कुंकवाने लाल झालेली, अजून शाबूत.

मी असा ओरडलो की मंजिरी झाडू टाकून धावत आली. तिला वाटलं मला शॉक बसला.

"जिंकलो!" मी दाणा उंच धरला. "मंजिरी, तुझी आई हरली! बघ! तिनेच अडकवून ठेवला होता! दर वर्षी स्वतःच्या हाताने घालायची आणि वर्षभर लाटण्याने ठोकायची!"

मंजिरीने दाणा हातात घेतला. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचं जे रडणं सुरू झालं तसं तेरा दिवसांत झालं नव्हतं. पप्पू भैया ट्रॅक्टरवरून उतरला, "का भओ, का भओ" करत. तिने त्याला दाणा दाखवला. त्याने हात जोडले. मी त्या दोघांकडे बघत होतो. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण जिंकलेला माणूस, आणि हरणारीचा चेहरा बघायला मिळत नाही. काय उपयोग असल्या जिंकण्याचा? तुम्ही पुरावा हातात घेऊन म्हणाला असतात, "दाणा माझा नाही, मिश्राजींकडचा आहे." मग आणखी दहा वर्षं ते चाललं असतं. ती दहा वर्षं मला हवी होती, वहिनी.

असो. तसराळ्यात डिझेल घेतलं, दट्ट्या धुतला, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला, फडक्याने कोरडा पुसला. तेल लावलं नाही, तेलाने परत धूळ धरते. दट्ट्या बोटाने आत ढकलला तर लोण्यासारखा गेला, स्प्रिंगने लगेच परत आला. मंजिरीला ट्रॅक्टरची बॅटरी आणायला लावली. ओढून न्यायला आलेल्या ट्रॅक्टरने गाडीला जीव द्यायचा, हे पप्पू भैयालाही पटलं नाही, पण तोवर त्यालाही चेव चढला होता. सोलेनॉइड जागेवर बसवला, दांडा जोडला, फाटक्या टोपीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला. हातपंप मारून डिझेलमधली हवा काढली.

किल्ली लावली. टक.

आवाज आला म्हणून पप्पू भैयाने टाळी वाजवली. स्टार्टर मारला, इंजिन खोकलं, दोनदा पांढरा धूर सोडला आणि गप्प. परत टक. परत खोकला. सोलेनॉइडला हात लावला तर चटका बसावा इतका तापलेला. मंजिरी म्हणाली, "जळेल का, काका?" जळणारच होता. सगळं साफ होतं, सगळे स्क्रू जागेवर होते, मोजून बघितले. तरी नाही. पप्पू भैया दोरीकडे बघायला लागला. मंजिरीने डोळे पुसून घड्याळाकडे बघितलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. बॉनेटवर वाकून, कान लावून, हातात लाटणं. मी विचारायचो, झालं का? तुम्ही म्हणायचात, "थांबा. टक म्हणतोय. टक म्हणजे अर्धा गेला. ठक्क म्हणायला हवा." मी हसायचो. कारखान्यात वेटोळी तपासायला आमच्याकडे मीटर होते, आणि ही बाई टक आणि ठक्क करतेय!

पण दट्ट्या तळाला टेकलाच नाही, तर त्याला ओढणारं वेटोळं ओढतच राहतं, तापतं आणि शेवटी जळून जातं. हे मी तुम्हाला शिकवायला हवं होतं. तुम्ही ते कानाने शिकून बसला होतात. मी दांडा परत बसवताना एक आटा जास्त घेतला होता, म्हणून दट्ट्या तळापासून केसभर अलीकडेच अडत होता. आणि सगळंच अर्धं करून चालत नाही, हे तुमच्या हाताखाली माझ्याशिवाय कोणी भोगलंय?

वीज तोडली. सोलेनॉइड निवू दिला. दांड्याचा नट सैल केला, एक आटा फिरवला, नट आवळला. किल्ली लावली.

ठक्क.

मंजिरीने माझ्याकडे बघितलं. तिनेही लहानपणापासून ते ऐकलं होतं. "काका, आला! आईवाला आवाज आला!"

स्टार्टर मारला, आणि मग ती कबुतरं. ती भांडी. मिश्राजी बनियनवर बाहेर आले, त्यांची सून आली, गल्लीतली कुत्री आली. इतका काळा धूर निघाला की झाशीत ग्रहण लागलं. (अर्धं करा. नगऱ्यात लागलं.) ही तर बोलली म्हणून पप्पू भैया नाचत होता, "जा तौ बोल परी! अम्मा की गाड़ी बोल परी!" मग एकदम थांबला आणि बंदही होते का असं धंद्याच्या माणसासारखं विचारलं, "चाचा, बंद सोई होत कै नईं?"

मी किल्ली फिरवली. इंजिन त्याच क्षणी गप्प. गचका नाही, थरथर नाही.

पप्पू भैया बॉनेटला हात लावून उभा राहिला. म्हणाला, अशी गाडी कापणाऱ्याचे हात झडतील. कापायची नाही, हिच्यातून आलंच आणायचं. बरुआसागरला त्याचा मेव्हणा आहे, तो चालवेल. मग खाली वाकून त्याने स्वतः हुकाची दोरी सोडली आणि गुंडाळून ट्रॅक्टरवर फेकली.

मंजिरी आत जाऊन तुमचा कुंकवाचा डबा घेऊन आली. चिमूट भरली आणि विचारलं, "काका, कुठे लावू?"

"कुठेही लाव!" मी दोन्ही हात पसरून बॉनेटच्या आडवा झालो. "टायरला लाव, काचेला लाव, माझ्या टकलाला लाव, पण त्याला नको!"

तिने काचेला लावलं. मग उरलेलं माझ्या टकलाला. डब्याच्या तळाशी तीन स्क्रू खुळखुळले. तिने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. अक्षतेचा तो दाणा तिने रुमालाच्या गाठीत बांधून ग्वाल्हेरला नेला.

पप्पू भैया स्टिअरिंगवर बसला. किल्ली, ठक्क, इंजिन. पहिला गिअर. फाटकातून गाडी बाहेर पडताना मी शेजारून चालत होतो, एक हात तिच्या दारावर ठेवून, जो तुम्ही मला कधी ठेवू दिला नाहीत. पुलाच्या वळणापर्यंत गेलो. तिथे तिने हॉर्न दिला आणि बरुआसागरच्या बाजूला वळली.

लोक आता विचारतात, कशी गेली हो गाडी? माझ्या तोंडाशी येतं की उडत गेली, बेतवा ओलांडून गेली. पण मग थांबतो. कापायला तुम्ही नाही, म्हणून आता मला मोजूनच बोलावं लागतं, आणि याची मला अजून सवय नाही.

चालत गेली, वहिनी. स्वतःची स्वतः. हे अर्धं करू नका.